त्याच्या शनिवारी कुकर कोण लावतं?

"ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. भांडुपला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, सासूबाई आमच्याकडेच असतात. मी फोर्टला बँकेत, नवरा ऐरोलीला नोकरीला. गेल्या पाडव्याला मी त्याला म्हटलं, ओवाळणीत साडी नको, महिन्यातला एक शनिवार दे. दुसरा शनिवार ठरला, कारण तेव्हा बँक बंद. एक महिना मी ठरवायचं, पुढचा महिना त्याने, आणि कुठे जायचं ते निघेपर्यंत सांगायचं नाही. माझे चार शनिवार म्हणजे कालिदासला नाटक, कान्हेरीची लेणी, राणीची बाग आणि मे महिन्यात कुंभारकामाचा क्लास. त्याचे चार ऐका. तीनदा मुलुंडचं एकच हॉटेल. आणि जूनमध्ये कुठे न्यावं? फोर्टला! सीएसएमटीला उतरून मी रोज बँकेत जाते त्याच रस्त्याने चालवत नेलं. सुट्टीच्या दिवशी! बँकेच्या बंद शटरसमोर उभा राहून विचारतो, 'तू डबा कुठे बसून खातेस?' मग मी नेहमी चहा पिते त्या टपरीवर चहा. तिथे विचारलं, 'रोज एकटीच उभी असतेस का इथे?' वरून पाऊस. सासूबाईंसाठी मऊ भात आणि मुगाची आमटी करून, मुलाचा गृहपाठ उरकून, त्याला शेजारी सोडून मी धावतपळत निघाले होते, ते यासाठी? येताना मी गाडीत गप्प होते. तो म्हणाला, 'तुझ्यासारखं मला नाही सुचत.' दहापैकी गुण द्यायचे तर मी त्याला दोन देईन. हे सगळं बंद करावं, की आता सगळे शनिवार मीच ठरवू?
– स., भांडुप"

प्रिय स.,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही त्या मुलुंडच्या हॉटेलाचा राग आला. दुसऱ्यांदा मात्र मऊ भात आणि मुगाच्या आमटीपाशी अडकले, ती तिथून पुढे सरकेना.

जूनचा शनिवार त्याचा होता ना? मग कुकर तू का लावलास?

गृहपाठ तू उरकलास, शेजारी तू बोललीस, मुलाला सोडायला तू गेलीस. घरी आल्यावर ओट्यावरची भांडी कोणी घासली ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. तुझ्या चार शनिवारी हे सगळं तू केलंस, आणि त्याच्याही चार शनिवारी तूच केलंस. म्हणजे आठही शनिवार तुझेच होते. त्याने चार वेळा फक्त ठिकाणाचं नाव सांगितलं. तुमची वाटणी सुरू झाली असं तुला वाटतंय. मला वाटतं ती अजून झालेलीच नाही.

हे तुझ्या एकटीच्या घरात होतं असं समजू नकोस. २०२४ मध्ये देशभर सरकारी वेळ-वापर सर्वेक्षण झालं. जे लोक घरकाम करतात त्यांनाच धरलं, तरी त्यातल्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात जातात आणि पुरुषांची ८८. हा फरक दुसऱ्या शनिवारी आपोआप सुट्टीवर जात नाही. तो तुझ्याबरोबर लोकलमध्ये चढतो, तुझ्या शेजारी बसतो, आणि सीएसएमटीला उतरताना तुझे पाय आधीच दुखत असतात.

म्हणून सगळे शनिवार स्वतःकडे घेऊ नकोस. तसं केलंस तर आज जे लपून चाललंय तेच उघड कायम होईल. आणि बंद तर अजिबात करू नकोस. पाडव्याला साडी सोडून तू हे मागितलंस. इतकी चांगली मागणी आठ महिन्यांत मोडीत काढायची नाही.

फक्त नियम बदला. ज्याचा शनिवार, त्याच्याकडे त्या दिवसाचं घर. सकाळी उठल्यापासून रात्री गॅस पुसेपर्यंत. सासूबाईंचं जेवण, मुलाची सोय, तिकिटं, छत्री, घराची किल्ली, परतल्यावरची भांडी, सगळं. ज्याचा शनिवार नाही त्याने केस विंचरायचे, चपला घालायच्या आणि बाहेर पडायचं.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट सासूबाईंची आहे. आम्ही बाहेर चाललोय हे आजवर त्यांना कोण सांगत आलंय? माझी खात्री आहे, तूच. आणि सांगताना थोडं अपराधी वाटून भाजी एक जास्तीची केली असशील. यापुढे त्याच्या शनिवारी हे त्याने सांगायचं. "आई, आज आम्ही दोघं बाहेर जातोय, तुझं जेवण मी बघतो," हे वाक्य मुलाच्या तोंडून येतं तेव्हा आईला ते वेगळं ऐकू येतं. सुनेने म्हटलं की परवानगी मागितल्यासारखं होतं. मुलाने म्हटलं की ती घरातली एक साधी गोष्ट होते. त्याला भात टाकता येत नसेल तर खिचडी शिकू दे, तीही जमली नाही तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून डबा आणू दे. सासूबाई एक दिवस बाहेरची आमटी खातील. आणि नातवाला दर वेळी शेजारी कशाला सोडायचं? सासूबाईंची तब्येत बरी असेल तर त्या दोघांचीही संध्याकाळ होऊ दे. पत्ते, टीव्ही, आजीने लपवून ठेवलेली बिस्किटं. काही महिन्यांनी मुलगाच विचारेल, तुम्ही कधी जाणार म्हणून.

आता तुझ्यासाठी एक अवघड अट. त्याने खिचडीत मीठ कमी टाकलं, मुलाला कालचाच शर्ट घातला, ओट्यावर पाणी तसंच ठेवलं, तर तू स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. "राहू दे, मीच करते" हे चार शब्द त्या दिवसापुरते गिळायचे. मला माहीत आहे, ते घशात अडकतात. पण ते बाहेर पडले की घर पुन्हा तुझ्या खांद्यावर येतं, आणि या वेळी ते त्याने टाकलेलं नसतं, तू ओढून घेतलेलं असतं.

आता फोर्ट.

अगं, तुझ्या नवऱ्याने जूनमध्ये काय केलं ते पुन्हा एकदा बघ. अकरा वर्षं तू रोज सकाळी घरातून निघतेस आणि संध्याकाळी परत येतेस. मधले नऊ-दहा तास त्याच्यासाठी कोरे आहेत. तू फोनवर "आज फार गर्दी होती" म्हणतेस तेव्हा ती गर्दी कुठल्या रस्त्यावरची, हे त्याला दिसत नाही. ते बघायला तो गेला. दुसऱ्या शनिवारी फोर्ट रिकामा असतो, बँका बंद, फेरीवाले कमी; चालायला आणि बोलायला इतकी निवांत जागा या शहरात सहसा मिळत नाही. आणि तिथे त्याने तुला दोन प्रश्न विचारले. डबा कुठे खातेस? एकटीच उभी असतेस का? लग्नाला अकरा वर्षं झालेल्या किती बायकांना हे कोणी विचारलं असेल? मला त्या शनिवाराला गुण द्यायला सांगितलेस तर मी दोन देणार नाही.

तुला ते दिसलं नाही, यात तुझा दोष मला वाटत नाही. सकाळपासून राबून, धावतपळत गाडी पकडून, ओल्या चपलांनी टपरीवर उभ्या राहिलेल्या बाईला कुठला प्रश्न प्रेमाचा वाटणार? तिला फक्त बसायला जागा हवी असते. त्याने भात टाकून तुला तिथे नेलं असतं, तर कदाचित तूच त्याला म्हणाली असतीस, चल, माझी बसायची खुर्ची खिडकीतून दिसते का बघू.

तीनदा एकाच हॉटेलचं मात्र मी समर्थन करणार नाही. तरी ते का झालं असेल ते मला कळतं. तुझा पहिलाच शनिवार नाटकाचा, दुसरा लेण्यांचा. त्यानंतर माणूस घाबरतो. चुकायला नको म्हणून ओळखीच्या जागी जातो, जिथलं पनीर तुला आवडतं हे त्याला पक्कं माहीत आहे. "तुझ्यासारखं मला नाही सुचत" हे तो भांडायला म्हणाला नव्हता. ते ऐकून तू गप्प राहिलीस, आणि तुझ्या गप्प राहण्यात त्याला त्याचे दोन गुण ऐकू आले असणार. गुण देणं आजपासून बंद. त्याच्याही मनातून ते जायला वेळ लागेल.

सुचणं ही काही मोठी विद्या नाही. आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडप्यांचे हात-पाय एका बाजूने एकमेकांना बांधले, दोघांच्या मध्ये उशी धरायला लावली, हात न लावता, आणि गाद्यांवरून रांगत, मधला अडथळा ओलांडत पलीकडे जायला सांगितलं. काम फक्त सात मिनिटांचं. दुसऱ्या जोडप्यांना साधं, कंटाळवाणं काम दिलं होतं. रांगून आलेली जोडपी नंतर आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी दिसली. त्यात मेणबत्त्या नव्हत्या, महागडं जेवण नव्हतं. दोघांनी मिळून काहीतरी नवीन केलं होतं, आणि ते करताना एकमेकांची गरज लागली होती. कुंभारकामाच्या क्लासला तुम्ही किती पैसे मोजलेत ठाऊक नाही, पण तसं नवेपण दहा रुपयांतही मिळतं. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट तेवढंच आहे. कधी न पकडलेल्या नंबरची बस घ्यायची आणि शेवटच्या थांब्याला उतरून तिथे काय मिळतं ते खायचं. किंवा आरेहून भुयारी मेट्रोत बसून थेट कफ परेडला जायचं. मलबार हिलच्या झाडीतून लाकडी पायवाट झाली आहे, तीही स्वस्तात होते. वर्षातले निदान तीन-चार शनिवार दोनशे रुपयांत बसवायचे असं दोघांनी ठरवून टाका. पैशाची मर्यादा आली की हॉटेल आपोआप सुटतं, आणि तुझ्या मोठ्या बेतांचं दडपणही त्याच्यावरून उतरतं.

माझं थोडं सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, दोन खोल्या आणि सहा माणसं. रात्री जेवणं झाली की दोघं चौपाटीपर्यंत जाऊन यायचो. वाळूत बसायचं की तसंच पुढे नरिमन पॉइंटच्या दिशेने चालायचं, हे नेहमी आमचे हे ठरवायचे. मी म्हणायची, "तुम्ही म्हणाल तिकडे." मला ते प्रेम वाटायचं. एकदा त्यांनी वाळूत पाय थांबवले आणि म्हणाले, "एकदा तरी तू सांग ना, दरवेळी मीच काय." त्या आवाजात थकवा होता आणि तो मला कळला नाही, मी हसून पुन्हा तेच म्हटलं. ठरवणं हेही ओझं असतं, आणि ते आळीपाळीने उचलायचं असतं, हे तुम्ही दोघांनी इतक्या लवकर ओळखलंत याचं मला फार कौतुक वाटतं. म्हणून ते मोडू नये असं मी पुन्हा पुन्हा सांगतेय.

जुलै तुझा आहे. या वेळी मोठा बेत नको. ऐरोलीला जा. तो रोज ज्या बसने जातो तीच पकड, मुलुंड-ऐरोली पुलावरून पावसातली खाडी बघ, आणि तो दुपारी जिथे जेवतो तिथे त्याला विचार, कोणाबरोबर बसतोस. हा त्याच्या जूनचा जबाब होईल, आणि तो त्याला शब्दांशिवाय कळेल. याच खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचं अभयारण्य त्यांच्यासाठीच २०१५ मध्ये जाहीर झालं. ऐरोलीहून भरतीच्या वेळा बघून बोट सुटते. तुमचा क्रम चुकला नाही तर जानेवारी पुन्हा तुझ्याकडे येतो, तेव्हा ते ठेव.

क्रम चुकेल, हेही धरून चाला. मेगाब्लॉक रविवारी असतो म्हणून शनिवार सुरक्षित असं नाही. मुंबईचा पाऊस वार बघत नाही. परीक्षा येईल, गणपती येतील, सासूबाईंना ताप येईल. तेव्हा शनिवार रद्द झाला तरी ज्याचा होता त्याचाच राहतो, पुढे सरकतो. ताप असलाच तर रात्री गच्चीवर अर्धा तास, दोन कप कॉफी. तीही ज्याचा शनिवार त्यानेच करायची.

हे त्याला सांगशील तेव्हा शनिवारी रात्री सांगू नकोस, आणि सासूबाईंसमोर तर नकोच. रविवारी भाजी आणायला दोघं जा आणि रस्त्यात बोल. सुरुवात तक्रारीने करू नकोस. "फोर्टला तू मला नेलंस ते मला तेव्हा कळलं नाही, मी फार दमले होते," इथून कर. मग का दमले होते ते सांग, कुकरपासून भांड्यांपर्यंत, न चिडता. तो ऐकेल असं मला वाटतं. जो माणूस बायकोच्या टपरीवर जाऊन चहा पितो, त्याला ऐकायचंच असतं.

आणि त्याचा एक प्रश्न राहिलाय. रोज एकटीच उभी असतेस का इथे, असं त्याने विचारलं होतं. तू काय सांगितलंस ते पत्रात नाही. बहुतेक काहीच नसशील सांगितलं. ते आधी सांग त्याला.

– ताई