प्रार्थनेची थकबाकी

"देव दूर गेल्यासारखा वाटतो. प्रार्थनेत मन लागत नाही. पूर्वी असं नव्हतं." ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांकडून हे मी वारंवार ऐकते, पण पहिल्या भेटीत क्वचितच. पहिल्या भेटीत मुलाचा अभ्यास असतो, नवऱ्याचं पिणं असतं, सासू असते. ही गोष्ट मात्र उठता उठता, चपला घालताना निघते, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव असतो. मागोमाग प्रश्न येतो: ती जुनी सवय परत कशी लावू?

माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही. जुनी परत लावायच्या मागे लागू नका, असं मी सांगते. का, ते एका गृहस्थांच्या निमित्ताने लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं. नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात. मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पंच. घराणं मूळ अहमदनगरकडचं. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं, आणि यांच्या घरातली ही चौथी ख्रिस्ती पिढी. आले होते मुलाविषयी बोलायला. पोरगा चर्चला येत नाही, काहीतरी करा. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "तो येत नाही याचा तुम्हाला एवढा त्रास का होतो?" बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तो निदान खरं वागतो."

रोज सकाळी सहाच्या आत हे गृहस्थ व्हॉट्सॲपवर बायबलचं वचन पाठवतात. मंडळीचा गट, तरुण संघाचा गट, नातेवाईक, ऑफिसातले ख्रिस्ती सहकारी. "आज कोणतं पाठवलंत?" मी सहज विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि शोधायला लागले. डोंगरामागून उगवणारा सूर्य, खाली पिवळ्या अक्षरांत यिर्मया 29:11, देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशेचे संकल्प आहेत असं सांगणारं. वचन त्यांना तोंडपाठ होतं. आज आपण तेच पाठवलंय हे मात्र आठवत नव्हतं. "दुसऱ्या गटातून येतं, मी पुढे ढकलतो," फोन उपडा ठेवत ते म्हणाले. स्वतःसाठी बायबल उघडून दोनेक वर्षं झाली असतील. चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना करायला त्यांनाच उभं करतात. शब्द न अडखळता येतात, आणि नेमकं तेच त्यांना टोचत होतं.

अशा वेळी मी आधी झोप, भूक आणि रस या तीन गोष्टी तपासते. प्रार्थनाच नव्हे, कशातच मन लागत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ती कदाचित विश्वासाची अडचण नसून नैराश्य असतं, आणि त्यावर डॉक्टरी उपचार लागतात. अधिक प्रार्थना करा म्हणून अशा माणसाला घरी पाठवणं हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि मला ते क्रूर वाटतं. शासनाची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे. हा नंबर प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर असावा, असं माझं मत आहे. या गृहस्थांना नैराश्य नव्हतं. जेवण नीट होतं, क्रिकेट आवडीनं बघत होते, नातीचं नाव काढलं की चेहरा खुलत होता. झोप मात्र जेमतेम पाच तास. मी त्यांना बायबलातल्या 1 राजे 19 ची आठवण करून दिली: संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट नंतर. "हा संदेश मी दिलाय," ते म्हणाले. "दुसऱ्यांना."

मग मी त्यांना एका दिवसाचे तास कागदावर मांडायला लावले. पहाटे साडेचारपासून फोन. अमक्या गल्लीत पाणी आलं नाही, तमक्या झोनचा व्हॉल्व्ह फिरवला नाही, नगरसेवकाचा माणूस दारात. आणि त्याच पहाटेच्या वेळेवर त्यांनी "शांत वेळ" ठरवलेली! एकोणिसाव्या वर्षी तरुण संघाच्या शिबिरात कुणीतरी शिकवलं होतं: पहाटे उठा, बायबल, वही, पेन, एक तास. अविवाहित पोराला ते जमलं. पुढे नोकरी लागली, संसार झाला, आणि ते जमेनासं झालं तसं दर वर्षी 1 जानेवारीला नव्या जोमाने सुरुवात होऊ लागली. वर्षात अख्खं बायबल. आपल्या बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40, झाले की जानेवारी सरता सरता तिसरं पुस्तक लेवीय उभं राहतं: होमार्पण, अन्नार्पण, चरबी, गुर्दे. तिथे एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय, तिसऱ्या दिवशी जवळजवळ दहा. फेब्रुवारीत बायबल कपाटात.

"तुम्ही याची पाणीपट्टी करून ठेवलीत," मी म्हटलं. "थकबाकी वाढली की माणूस ऑफिसच्या रस्त्यानेही जात नाही."

ते मनापासून हसले, त्या भेटीत पहिल्यांदाच. वसुलीचा अनुभव त्यांना माझ्यापेक्षा दांडगा. थकबाकीदार नळधारक कसे तोंड चुकवतात, याचे दोन किस्सेही त्यांनी सांगितले. ते इथे लिहिता येणार नाहीत. माझं म्हणणं त्यांना कळलं होतं. देवापासून त्यांना लांब ठेवत होती ती शरम, आणि शरमेवर उपाय म्हणून ते आणखी कडक वेळापत्रक घेत होते, जे मोडलं की शरम दुप्पट.

पहाटेची प्रार्थना चांगलीच. मार्क 1:35 मध्ये येशू अंधार असतानाच उठून एकांतात जातो. पण दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, आणि 55 व्या स्तोत्रात संध्याकाळ, सकाळ, दुपार अशी तिन्ही आहेत. पहाट हा काही नियमशास्त्राचा भाग नाही. मी विचारलं, "दिवसात तुमचं डोकं खरंच रिकामं कधी असतं?" त्यांनी विचार करून सांगितलं: दुपारी टाकी भरायला लावतात तेव्हा. पातळी वर येईपर्यंत केबिनमध्ये बसून राहण्यापलीकडे काम नसतं. (पाण्याची रूपकं मी मुद्दाम टाळली. जिवंत पाण्यावर त्यांनी आयुष्यात इतके संदेश दिले होते की आणखी एक ऐकवणं बरं दिसलं नसतं.) ठरलं ते एवढंच: टाकी सुरू केली की खुर्चीत बसून बायबलचा एक परिच्छेद. चुकला तर दुसऱ्या दिवशी एकच, दोन नाहीत. मागचं सगळं माफ.

त्यांना मी एका अभ्यासाविषयीही सांगितलं, कारण हिशेबी माणसाला आकडा लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

मग मी त्यांच्या घरात आधी कोण कशी प्रार्थना करायचं, ते विचारलं. वडील हेडमास्तर, त्यांची प्रार्थना वहीत लिहिलेली. आणि आजी? आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्याकडे शांत वेळ नव्हती, वही नव्हती, वाचनाचा तक्ता नव्हता. ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं म्हणायची. अंगण झाडताना, भाकरी थापताना, रात्री पाय चेपून घेताना. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा; त्यांनी भजन-कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली, म्हणून ती न वाचणाऱ्या बायकांच्याही ओठांवर बसली. आता त्यांच्या चर्चमध्ये गिटार आणि पडद्यावर शब्द. जुनी पदं निघतात ती बहुधा अंत्यविधीला. "म्हणून दाखवा एखादं," मी म्हटलं. आधी लाजले. मग मांडीवर बोटांनी ताल धरत दोन कडवी म्हणाले, तिसऱ्याला आवाज अडकला.

तिसरं कडवं भावाला आवडायचं.

2021 च्या दुसऱ्या लाटेत धाकटा भाऊ गेला. मंडळीने उपवास धरला होता, फोनवर साखळी प्रार्थना चालली होती, आणि ती हेच चालवत होते. भाऊ गेल्यावर सांत्वनाचे फोन आले, तर यांनीच समोरच्याचं सांत्वन केलं: प्रभूची इच्छा, तो सुखात आहे. पंच ना! मंडळीचा विश्वास डळमळू नये म्हणून यांना रडायला जागाच उरली नाही. बायबल कपाटात गेलं ते त्याच सुमारास, आणि दोष मात्र ते आळसाला देत राहिले.

मी पाळक नाही, देवाच्या वतीने उत्तर देणं माझं काम नाही. पण बायबलात तक्रारीला जागा किती आहे, ते दाखवता येतं. स्तोत्र 13 अवघं सहा ओव्यांचं, आणि सुरुवातीलाच "कोठवर" हा सवाल चार वेळा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ जोडलेली नाही. त्यांनी टाकीवरच्या केबिनमध्ये पाणीपुरवठ्याच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर देवाला पत्र लिहिलं. मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. "शिव्या नाहीत, पण फार बरंही नाही," एवढंच म्हणाले. नंतर भीत भीत विचारलं, "ताई, पाप तर नाही ना?" मी म्हटलं, दोन वर्षांत तुम्ही देवाशी पहिल्यांदा खरं बोललात.

भावना परत येईल का, हाही त्यांचा प्रश्न होता. येईलच असं मी कुणाला सांगत नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, आणि तरी रोजची प्रार्थना सुटली नव्हती. जाणवत नसताना बसणं म्हणजे ढोंग नव्हे. जाणवतंय असं दाखवणं हे ढोंग, आणि त्याचा कंटाळा या गृहस्थांना आलाच होता.

एका भेटीला पत्नीला बोलावलं. ती बाई मोजकं बोलणारी. मी विचारलं, घरची रात्रीची प्रार्थना कशी चालते? "हे भाषण करतात," ती म्हणाली. "मी भाजीचा विचार करते, पोरगा फोनचा." त्या घरात आता भाषण बंद आहे. प्रत्येकाने आपलं एक वाक्य बोलायचं, आजच्या दिवसाचं, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पोरगा पहिले काही दिवस "पास" म्हणायचा. ते चालवून घ्यायचं, असं मीच सांगितलं होतं. पाळकांशीही ते बोलले आणि जाहीर प्रार्थनेतून काही महिने सुटी मागितली. पाळकांनी कारण न विचारता दिली, याबद्दल त्यांना मनातून धन्यवाद.

केबिनमध्ये त्यांनी सुरुवात कुठून करावी? यिर्मया 29 पासून, कारण ते वचन शेकडो जणांना पाठवून झालं होतं आणि अध्याय मात्र लक्ष देऊन वाचला नव्हता. एकाच अध्यायावर ते कितीतरी दिवस रेंगाळले. हा अध्याय म्हणजे बाबेलात बंदी म्हणून धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेलं पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, कारण इतक्यात सुटका नाही. दहाव्या ओवीत सत्तर वर्षं आहेत, आणि मग ती प्रसिद्ध अकरावी. "सत्तर वर्षं कुणी फोटोवर छापत नाही," ते म्हणाले. वचन ते अजून पाठवतात, पण एकाच गटाला, आधी पुढचं-मागचं वाचून. काही सकाळी पाठवायचं राहून जातं, आणि कुणी विचारतही नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

भावाबद्दलचा राग आहेच. टाकीवरचं वाचन आठवड्यातून चारदा होतं, कधी दोनदा.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. मंडळीत नव्या वर्षाच्या बायबल वाचनाचे तक्ते वाटत होते, यांच्याही हातात एक आला होता. घेऊ का? मी म्हटलं, घ्या, पण पेनाने सगळ्या तारखा खोडून टाका आणि नुसते अध्याय ठेवा.

"मग लेवीयला पोचायला जून उजाडेल," ते म्हणाले.

"उजाडू दे," मी म्हटलं.