कूस बदलल्याची नोंद आहे, मग जखम झाली कशी?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : वृद्धांची शुश्रूषा

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की गल्लीतलं छोटं रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ, घरी सांभाळता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांचा दीर्घ मुक्काम, असा होतो. तिथे सरकारी तपासनीस येतात, त्रुटी लिहून ठेवतात आणि तो अहवाल कुणालाही वाचता येतो. इथल्या केअर सेंटरमध्ये ते काम बहुतेक वेळा नातेवाइकांनाच करावं लागतं. या वेळी दोन्हीकडून पत्रं आली आहेत आणि त्यांतली दुखणी सारखीच आहेत.

*प्रश्न : आईचं वय 81, वजन 50 किलो. पक्षाघातानंतर ती आठ महिने एका केअर सेंटरमध्ये आहे. माकडहाडावर बेडसोर झाला. चालकांनी चार्ट दाखवला, त्यात दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या आहेत. “या वयात होतंच,” असं ते म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक, पुणे*

वयाने कातडी पातळ होते, रक्तपुरवठा मंदावतो, एवढं खरं. पण बेडसोर दाबाने आणि घासण्याने होतो. हाड आणि गादी यांच्या मध्ये मांस तासन् तास चेपलं गेलं की तिथलं रक्त थांबतं आणि ते मरायला लागतं. शेवटच्या अवस्थेतल्या माणसाला सगळी काळजी घेऊनही जखम होऊ शकते. पण आठ महिने स्थिर असलेल्या माणसाला ती झाली, तर आधी शुश्रूषा तपासायची, वयाचं कारण नंतर.

चार्टपासून सुरुवात करा. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला 12 नोंदी. त्या सगळ्या बरोबर 2, 4, 6, 8 वाजताच्या आहेत का? रात्रीच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसतात का? खरी नोंद 2.10, 4.25, 5.50 अशी वाकडीतिकडी असते. मग न कळवता जा आणि फक्त एक गोष्ट ताडून पाहा. चार्टवर “डावी कूस, 4.00” आहे आणि सव्वाचारला आई उताणी आहे, एवढं तीनदा आढळलं तर तो चार्ट पलंगाजवळ न जाता भरला जातोय. अमेरिकेतले तपासनीस हेच करतात : कागदावर काय आहे, पलंगावर काय आहे आणि माणूस स्वतः काय सांगतो, हे तीन शेजारी ठेवून पाहतात.

आता रात्रीचा हिशेब मांडा. दहा जण अंथरुणाला खिळलेले आणि नाईट ड्यूटीला एकच मावशी, असं समजू. कूस वळवायची, डायपर बघायचा, पुसायचं, उश्या लावायच्या, याला माणशी दहा मिनिटं सहज लागतात. म्हणजे 120 मिनिटांतली 100 गेली. त्यात एकाला उलटी झाली, एकाने बेल वाजवली की फेरी मोडली. शिवाय 50 किलोचं शरीर एकटीने वळवायचं म्हणजे ओढलंच जातं. वरची कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि आतल्या आत फाटतं. कमरेखाली आडवी चादर घालून दोघींनी उचलून सरकवलं तरच ते टळतं. त्यामुळे चालकांना “काळजी घेता ना?” असं विचारू नका. “रात्री दहानंतर किती जण जागे असतात आणि कूस दोघं मिळून बदलतात का?” असं विचारा. या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावं लागतं.

गादीकडे बघा. हवेच्या गादीच्या पंपाला वजनाप्रमाणे बटण असतं. ते कुणीतरी पुसताना शेवटपर्यंत फिरवून ठेवतं, गादी दगडासारखी होते आणि तिचा उपयोग संपतो. नळी पलंगाच्या लोखंडात चेमटलेली असते. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गादीवर रबरी शीट, त्यावर चौघडी चादर, त्यावर डायपर असे थर असतील तर हवेची गादी असून नसल्यासारखी. आई झोपलेली असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात घाला. हाड आणि हात यांच्या मध्ये साधारण इंचभर फुगलेली गादी जाणवली पाहिजे. हाडच हाताला लागलं तर हवा कमी आहे.

पूर्ण कुशीवर झोपवू नका, खुब्याचं हाड टोचतं. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशांचा कल पुरतो. टाचा हवेत हव्यात : उशी पोटरीखाली, टाच अधांतरी. मधे भोक असलेली गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. लाल झालेल्या जागी चोळू नका.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांच्या बाबतीत फार निसटते. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही. तिथे बोटाने बघायचं. आजूबाजूपेक्षा जागा गरम लागते का, घट्ट किंवा पिचपिचीत लागते का, रंग जांभळट झालाय का? आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, असं रोज बघावं. ‘लाली नाही’ म्हणून सोडलेली जागा काही दिवसांत थेट खड्डा होऊन समोर येते.

झालेल्या जखमेचा आठवड्यातून एकदा मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढायला सांगा : लांबी, रुंदी, खोली. दुर्गंधी, पू, ताप किंवा काळा पडलेला भाग असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. जखम भरायला प्रथिनं लागतात, किलोमागे दिवसाला सुमारे 1.25 ते 1.5 ग्रॅम. 50 किलोला ते 62 ते 75 ग्रॅम होतं. वरणाचं पाणी आणि मऊ भात यांवर ते कधीच निघत नाही. अंडं, पनीर, दही, घट्ट वरण, गरज पडली तर प्रोटीन पावडर द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

*प्रश्न : सासूबाई न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये आहेत. तिथल्या तपासणीच्या अहवालात काही त्रुटींपुढे ‘डी’ आणि एका त्रुटीपुढे ‘जी’ लिहिलं आहे. संस्थेला सरकारी मूल्यांकनात पाचपैकी चार तारे आहेत. काळजी करावी का? – एक वाचक, न्यू जर्सी*

ही अक्षरं ‘ए’ ते ‘एल’ अशी बारा आहेत आणि दोन गोष्टी एकदम सांगतात : इजा किती गंभीर आणि प्रकार किती पसरलेला. पहिली तीन म्हणजे किरकोळ धोका. ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ म्हणजे इजा झाली नाही, पण किरकोळहून जास्त होऊ शकली असती. ‘जी’, ‘एच’, ‘आय’ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली. ‘जे’, ‘के’, ‘एल’ म्हणजे जिवावर बेतण्याजोगा, तातडीचा धोका. प्रत्येक तिघांत पहिलं अक्षर एकट्यादुकट्या घटनेचं, दुसरं पुन्हा पुन्हा घडणाऱ्याचं आणि तिसरं संस्थाभर पसरलेल्याचं. तेव्हा ‘जी’ हलक्यात घेऊ नका. कुणाला तरी खरोखर इजा झाली आहे. मजकुरात रहिवाशाचं नाव नसतं, क्रमांक असतो. काय झालं, कुणी काय सांगितलं, हे मात्र सविस्तर असतं. तो मजकूर वाचा, नुसतं अक्षर नव्हे.

ताऱ्यांचं असं आहे की ते तीन गोष्टींवरून ठरतात : तपासण्या, मनुष्यबळ आणि शुश्रूषेचे आकडे. आकड्यांतला मोठा भाग संस्था स्वतःच भरून देते. तपासणीचे तारेही त्या राज्यातल्या इतर संस्थांच्या तुलनेत मिळतात. म्हणून एकूण ताऱ्यांआधी तपासणीचे तारे बघा, मग मनुष्यबळाचे. मनुष्यबळाची माहिती पगारपत्रकावरून घेतात, त्यामुळे तिच्यात फुगवायला जागा कमी असते.

नियमित तपासणी जास्तीत जास्त 15 महिन्यांच्या अंतराने आणि न कळवता होते. तक्रारीवरून वेगळी होते. त्रुटी निघाल्यावर संस्थेला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो, तो अहवालातच असतो. “कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण दिले” एवढंच त्यात असेल तर फारसं काही बदललं नाही असं समजा. कोण, कधी, किती वेळा तपासणार हे त्यात लिहिलेलं हवं. ताजा अहवाल इमारतीत सहज सापडेल अशा जागी ठेवणं आणि दर पाळीला किती नर्स व मदतनीस आहेत हे रोज लावणं, दोन्ही बंधनकारक आहे. संध्याकाळच्या पाळीचा फलक वाचा आणि मजल्यावरची माणसं मोजा.

सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर एक गोष्ट आजच करा. प्रकृती आणि उपचार यांची माहिती त्यांना कळेल अशा भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे, म्हणून मराठी दुभाष्याची गरज त्यांच्या काळजीच्या आराखड्यात लिहून घ्या. “लघवीला जायचंय” आणि “दुखतंय” हे दोन्ही सांगता न आल्यामुळे माणूस एकटाच उठतो आणि पडतो. देवनागरी आणि इंग्रजी असं दोन्हींत लिहिलेलं चित्रांचं कार्ड पलंगाला लावा. तिथे ऐकलं गेलं नाही तर प्रत्येक राज्यात नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठी लोकपाल असतो. त्याची सेवा मोफत आहे.

*प्रश्न : बाबांचं वजन दीड महिन्यापूर्वी 58 किलो होतं, आता 54.5 आहे. “जेवतात व्यवस्थित,” असं सेंटर सांगतं. – एक वाचक, कोल्हापूर*

साडेतीन किलो म्हणजे सहा टक्के. महिन्यात 5, तीन महिन्यांत 7.5 किंवा सहा महिन्यांत 10 टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली, तर त्यामागे कारण शोधायचंच, असा दंडक आहे. तुमचे बाबा त्या रेषेवर आहेत. आधी त्याच काट्यावर, सकाळी, तशाच कपड्यांत पुन्हा वजन करून घ्या.

मग एका जेवणाला शेजारी बसा आणि घड्याळ लावा. भरवायला निदान 25–30 मिनिटं लागतात. सहा जणांना एकच मदतनीस भरवत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात ते दिसेलच. कवळी तोंडात आहे की डबीत? की हरवलीच आहे? ताट हाताच्या टप्प्यात आहे का? पाठ ताठ आहे का, की उशीवर रेलून भरवतायत? रेलून भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. जेवताना खोकला येत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. “पूर्ण जेवले” या नोंदीपेक्षा परत गेलेलं ताट खरं बोलतं.

पाण्याचंही बघा. रात्री डायपर कमी लागावेत म्हणून संध्याकाळी पाणी देणं बंद करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ही घातक सवय आहे. जीभ कोरडी, लघवी गडद, अचानक बरळणं ही लक्षणं ओळखा. म्हाताऱ्या माणसात कातडीची चिमटी घेऊन केलेल्या परीक्षेवर भिस्त ठेवू नका.

*प्रश्न : आजी स्मृतिभ्रंशाची रुग्ण आहे. हल्ली केव्हाही गेलं तरी झोपलेली असते, खुर्चीला ओढणीने बांधलेली दिसली. “पडू नये म्हणून,” असं सांगितलं. – एक वाचक, ठाणे*

औषधांची यादी लेखी मागा : नाव, मात्रा, कधीपासून, कुणी लिहून दिलं, कशासाठी. क्विटायपिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या (अँटिसायकोटिक) औषधांपैकी काही आहे का ते बघा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवर छापायला लावला. कधी ती खरंच लागतात, पण कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि पुन्हा तपासण्याची तारीख ठरवून. तुम्ही स्वतः एकदम बंद करू नका. यादीत क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम हे वेगळ्या गटातलं, घबराट किंवा झोपेसाठी दिलेलं औषध असेल, तर ते अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते.

बांधल्याने पडणं थांबत नाही. स्नायू जातात, माणूस सुटायला धडपडतो आणि खुर्चीसकट पडतो. ओढणी सरकून गळ्याशी आली तर जीव जातो. त्याऐवजी पलंग खाली घ्या, बाजूला जमिनीवर गादी टाका, दर दोन तासांनी स्वच्छतागृहात न्या, चष्मा आणि श्रवणयंत्र लावा, दुखणं शोधा. अस्वस्थ होऊन उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा लघवी लागलेली असते, एवढंच. संस्था ऐकत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करा.

*प्रश्न : आमचं 14 खाटांचं छोटं केंद्र आहे. औषधांत चुका होऊ नयेत म्हणून काय करावं? – एक चालक, नाशिक*

सगळ्यांच्या गोळ्या सकाळीच वाट्यांत काढून ठेवणं आणि सगळ्या सह्या एकदम करणं बंद करा. एक माणूस, एक वाटी, समोर गिळली की सही. गोळी कुटायची असेल तर आधी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. पार्किन्सनच्या गोळीला वेळ काटेकोर लागते, ती “सगळ्यांबरोबर” चालत नाही. इन्सुलिन आधी टोचलं आणि नाश्त्याला पाऊण तास उशीर झाला की साखर उतरते, म्हणून ताट समोर आल्यावरच झटपट काम करणारं इन्सुलिन द्या.

साखर तपासायला बोट टोचायचं पेन दोन जणांत कधीही वापरू नका, सुई बदललीत तरी नाही. त्या पेनाच्या तोंडाला दिसणार नाही एवढं रक्त राहतं, आणि याच चुकीतून अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत हेपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. एकदाच वापरून टाकायच्या सुया घ्या, साखर मोजायचं यंत्र प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करा, इन्सुलिनच्या प्रत्येक पेनावर रुग्णाचं नाव आणि उघडल्याची तारीख लिहा. उघडलेली बहुतेक पेनं 28 दिवसांनी टाकून द्यावी लागतात. पाकिटावरची सूचना बघून ती तारीखही त्याच पट्टीवर लिहून ठेवा.