चटणी, चादर आणि टॉवेलचा दोरा

प्रश्न: आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत, सासूबाई विड्या वळतात आणि मी घरीच टॉवेलच्या कडा शिवून देते. कारखान्यामागे चिंध्यांच्या ढिगात मांजराचं एक पिल्लू सापडलं, तेव्हा नुकते डोळे उघडले होते. आता सात महिन्यांची झाली. अंगावर तांबडे-काळे ठिपके, म्हणून नाव चटणी. खाते दूध-भाकरी. पण दिसेल ते चावते. दोन चार्जर गेले, तिसरा परवाच चारशे रुपये देऊन आणला, त्यालाही दात लागलेत. यजमान रोज चिडतात. कॅरीबॅगचे तुकडे करते. रात्री माझ्या चादरीचा कोपरा तोंडात धरून चोखत बसते. टॉवेलचे दोरेही खाते. सासूबाईंनी वायरला तिखट चोळलं तर हिचेच डोळे सुजले. त्या म्हणतात, पिल्लीला मार्केट यार्डात सोडून या. काय करू?

उत्तर: ताई, चार्जरबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत आणि दोऱ्याबद्दल जाता जाता चार शब्द. मी उलट्या बाजूनं सुरुवात करते, कारण चार्जर नवा मिळतो.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. हात चाटला की कानशीसारखी लागते ती त्यामुळे. दोरा एकदा त्या काट्यांवर चढला की मांजराला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. मग त्याचं एक टोक जिभेच्या बुडाशी नाहीतर जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे सरकत राहतो. आतडं त्याला ढकलायला जातं आणि स्वतःच त्याच्यावर गोळा होतं, परकराची नाडी ओढली की चुण्या पडतात तसं. ताणलेला दोरा आतड्याला आतून कापतो.

मी प्राण्यांची डॉक्टर, आणि माझ्याच घरात हे घडलंय. आमची मांजर सोनी सकाळपासून उलट्या करत होती. मी घसा पाहिला, पोट चाचपलं, अपचनाचं औषध दिलं आणि दवाखान्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्यालाही तोंड लावलं नाही, तेव्हा नीट बसले. एका हातानं डोकं धरलं, दुसऱ्यानं तोंड उघडलं आणि त्याच हाताचा अंगठा हनुवटीखालून वर दाबला. जीभ उचलली गेली. बुडाशी एक पांढरा दोरा मांसात रुतलेला. गजऱ्याचा! शेवंतीचा गजरा मीच केसातून काढून टीपॉयवर टाकला होता. ऑपरेशनमध्ये आतडं तीन ठिकाणी उघडावं लागलं. वाचली ती, पण घरात डॉक्टर असूनही तिचा एक दिवस फुकट गेला.

म्हणून तुमच्याकडचा नियम असा. मशीनजवळ झाकणाचा डबा ठेवा, कापलेला प्रत्येक दोरा लगेच त्यात टाका. रीळ आणि सुई रात्री कपाटात. सासूबाईंचा विडी बांधायचा दोराही त्यातच आला. सूप मांडीवरून उतरलं की त्यातली तंबाखूही झाकून ठेवायला सांगा, तंबाखूतलं निकोटिन मांजराला विष आहे. लाळ गळायला लागली, अंग थरथरलं, उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. ओढलात की आतलं आतडं चिरतं. तेल-तूप पाजू नका, तशीच दवाखान्यात आणा. टोक दिसत नसेल पण उलट्या होताहेत, खात नाही, कॉटखाली कोपऱ्यात बसून राहते, एवढं पुरे. त्याच दिवशी आणा आणि डॉक्टरांना ‘जिभेखाली बघा’ असं स्पष्ट सांगा. राग येणार नाही त्यांना. आला तर येऊ द्या.

आता वायर. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर घालायचा वळ्यावळ्यांचा फ्लेक्झिबल पाइप मिळतो. ब्लेडनं लांबीत एक चीर द्या, चार्जरची वायर आत दाबून बसवा. मोबाइल चार्ज झाला की बटण बंद, वायर ड्रॉवरमध्ये. चालू वायर चावली तर आधी बटण किंवा मेन बंद करायचं, मगच मांजराला हात लावायचा. ओठ-जीभ भाजलेली दिसो न दिसो, डॉक्टरांना दाखवा. शॉक लागल्यावर काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन धाप लागू शकते. तिखट मात्र बंद. मांजर तोंड पंज्यानं पुसतं, पंजा डोळ्याला लागतो, पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. मोसंबीची ताजी साल पाइपवर घासून बघा, बहुतेक मांजरांना तो वास नकोसा होतो. वास उडतो, तेव्हा रोज घासावी लागेल. बाटलीतलं सुगंधी तेल मात्र लावू नका, ते चाटण्यात गेलं तर बाधतं. चादरीतल्या डांबरगोळ्याही तिच्या वाटेला जाऊ देऊ नका.

‘दात येत असतील’ असं शेजारीपाजारी म्हणतील. दुधाचे २६ दात पडून कायमचे ३० यायचं काम सहा-सात महिन्यांत उरकतं, त्यामुळे चटणीच्या बाबतीत ती सबब आता संपत आली.

चादर चोखण्याचं मूळ त्या चिंध्यांच्या ढिगातच आहे. आईपासून फार लवकर तुटलेली पिल्लं पुढेही असं करताना दिसतात: कापड तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, पुढचे पाय कणीक मळल्यासारखे चाललेले. नुसती चोखते, गिळत नाही, तोवर चोखू द्या की. फक्त चादरीच्या दशा तिच्या तोंडात जाता कामा नयेत. जुन्या जीन्सचा एक पाय घ्या, कडा दुमडून पक्क्या शिवा (हे तर तुमचंच काम) आणि चादरीऐवजी तो पुढे करा. त्याचेही धागे सुटायला लागले की टाकून द्या.

पण दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजरानं सापडेल ते चावावं, यात मला नवल वाटत नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही खराब होतात. दूधही मोठ्या मांजरांना सहसा पचत नाही. मीठ-मसाला, कांदा, लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन आणि सोबत दुकानातलं मांजराचं तयार खाणं, असं हळूहळू सुरू करा. कुरतडायला हिरवं हवं असेल तर घटाला पेरतो तसे परातीत थोडे गहू पेरा, खत न घालता. आठ-दहा दिवसांत चांगले वाढतील, खाऊ द्या.

उरला तिचा रिकामा वेळ. सकाळी आणि दिवेलागणीला मांजराला शिकारीची लहर येते. त्या वेळी दहा-दहा मिनिटं चिंधीचा बोळा पळवा, दमली की लगेच खायला द्या, बोळा उचलून ठेवा. वायर चावताना ओरडलात किंवा मारलंत तर ती तुमची पाठ वळण्याची वाट बघेल, बाकी काही फरक पडणार नाही.

सासूबाईंचं ‘पिल्ली’ मी आधी लाडाचं समजले होते. मग लक्षात आलं, तेलुगूत मांजरच ते! त्यांना सांगा, चार आठवडे थांबा. मार्केट यार्डातही सुतळ्या आणि प्लॅस्टिकच पडलेलं असतं, वर कुत्री.

एक काम आज संध्याकाळीच करा. उजेडात चटणीचा वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असेल तर वरचं सगळं लागू. पांढरट असेल, किंवा ती भिंत चाटते, कुंडीतली माती खाते असं दिसलं, तर अंगात रक्त कमी असू शकतं, कारण जंत किंवा पिसवा. मग पाइप आणि मोसंबी नंतर, आधी रक्ताची तपासणी. रंग कोणता दिसला ते कळवा.