मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये काढायला फक्त ब्रेल प्रिंटर पुरेल का?

तुम्ही म्हणता, गोष्टींच्या पुस्तकांच्या टाइप केलेल्या फाइल्स आहेत, ब्रेल प्रिंटरही मिळतोय, मग अंध मुलांसाठी पुस्तकं लगेच निघतील ना? ठिपके लगेच उठतील. पुस्तक व्हायला वेळ लागेल, आणि तो बहुतेक सगळा प्रिंटर सुरू करण्याआधीच जाईल.

आधी फाँट बघा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि ब्रेलमध्ये उतरतात ती तीच. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत आणा. युनिकोड मजकुराचं ब्रेल करायला लिबलुई हे मोफत सॉफ्टवेअर चालतं, विकतचं हवं असेल तर डक्सबरी आहे. तरीही ॲ, ऑ आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र दगा देतात. हा र कुणी नुक्त्याच्या ऱ ने टाइप करतं, कुणी साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. कुठल्या अक्षराला कुठलं ब्रेल चिन्ह, याच्या तक्त्यात नसलेल्या चिन्हाच्या जागी लिबलुई त्याचा युनिकोड क्रमांक छापतं आणि शब्दाच्या मधोमध बोटाला आकडे लागतात. अशी अक्षरं आधीच शोधून एकसारखी करून घ्या.

भारती ब्रेलची, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीची, घडणही माहीत हवी, नाहीतर चूक झालीय हेच कळणार नाही. ब्रेलच्या एका खान्यात सहा बिंदू असतात: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. पाय मोडल्याची खूण, म्हणजे बिंदू ४, अक्षराच्या आधी येते: ‘शब्द’ म्हणजे श, बिंदू ४, ब, द. पहिली वेलांटी छापील मजकुरात अक्षराच्या डावीकडे असली तरी ब्रेलमध्ये अक्षरानंतरच. स्वर आणि त्याची मात्रा यांना चिन्ह एकच, त्यामुळे ‘मऊ’ लिहिताना मध्ये अ घालावा लागतो, नाहीतर बोट ‘मू’ वाचतं.

आता पानांचा हिशोब. एका खान्यापासून दुसरा साधारण ६ मिमीवर, ओळीपासून ओळ १० मिमीवर. समास सोडून ए४ कागदावर ३० खाने आणि २७ ओळी बसतात. छापील पानावर २५० शब्द असतील आणि शब्दाला मोकळ्या जागेसकट ७ खाने धरले, तर १,७५० खाने झाले. ओळीच्या शेवटी शब्द तोडत नाहीत, तिथेही जागा जाते. म्हणजे एका पानाची अडीच पानं. शंभर पानी पुस्तक पाठपोट छापूनही सव्वाशे कागद घेतं. त्याचे दोन भाग करा, एका जाड बाडात पानं उलटताना हात अवघडतो.

कागद १४० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) घ्या. पातळ कागदाला भोकं पडतात, दमट कागदावरचे ठिपके मऊ उठतात आणि चार वाचनांत बसतात. बांधणी स्पायरलचीच, कारण दोन्ही हातांनी वाचायचं तर पुस्तक सपाट उघडायला हवं. तयार पुस्तकं उभी ठेवा, एकावर एक थप्पी लावली की खालच्या पुस्तकातले ठिपके चेपतात.

मुद्रितशोधन बोटानेच व्हावं, यात तडजोड नको. डोळसाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची आणि ब्रेल वाचणाऱ्याने ताडून बघायचं. डोळ्याला न दिसणारं बोटाला लागतं: ल म्हणजे बिंदू १, २, ३, त्यातला २ नीट उठला नाही की उरतो क, आणि ‘लळा’चा ‘कळा’ होतो.

नवशिक्यांसाठी एकाच बाजूला छापा, दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोडा. बोट हलकं, आडवं सरकायला हवं. वरखाली घासायची सवय लागली की वेग अडतो. उजवा हात ओळ संपवत असताना डाव्याने पुढच्या ओळीची सुरुवात शोधायची, हे पहिल्यापासून शिकवा. लिहायला शक्यतो सहा कळांचं ब्रेल यंत्र द्या. ब्रेल पाटीवर, म्हणजे कागद अडकवून टोचणीने लिहायच्या खाचांच्या पट्टीवर, उजवीकडून डावीकडे, उलट आकार टोचावे लागतात आणि नुकतीच अक्षरं शिकलेलं मूल गोंधळतं. पाटी नंतर जरूर द्यावी, ती खिशात मावते.

ऑडिओ पुस्तकं असताना ब्रेल कशाला, असं कुणीतरी विचारेलच. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच वाटतात, वेलांटी कुठली ते बोटालाच कळतं.

पन्नास प्रती एकदम काढू नका. एकच काढा, दोन-तीन मुलांना पूर्ण वाचू द्या, बोट जिथे अडेल ती जागा फाइलमध्ये दुरुस्त करा आणि मग बाकीच्या छापा.