वाचकांचे प्रश्न: बोरघाटात सकाळची गाडी टिपताना

प्रश्न : डिसेंबरात सूर्योदयाच्या आधीच खंडाळ्याला पोहोचलो. सात वाजून गेले, सूर्य उगवला, पण रूळ शेवटपर्यंत सावलीतच राहिले. गाडीवर कोवळं ऊन पडलेला फोटो बोरघाटात मिळतच नाही का? (वाचक, चिंचवड)

मिळतो, पण सूर्योदयाच्या वेळेला नाही. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे आणि कर्जत-लोणावळा मार्ग त्याच अंगाने चढतो. सूर्य उगवतो पठाराच्या मागून. त्यामुळे पंचांगातला सूर्योदय पुण्याच्या सपाटीला लागू पडतो. घाटातल्या रुळांचा सूर्योदय समोरचा डोंगर ठरवतो.

तो आदल्या दिवशी मोजता येतो. जिथे गाडी हवी आहे त्या जागेच्या शक्य तितकं जवळ उभं राहा आणि सूर्य जिथून येणार त्या दिशेला हात पूर्ण ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. आपल्याकडे सूर्य सकाळी तासाला सुमारे १३ अंश वर चढतो, म्हणजे डोंगराच्या दर मुठीमागे पाऊण तास. डिसेंबरअखेर लोणावळ्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. डोंगर दोन मुठी उंच असेल तर रुळांवर ऊन साडेआठला. दिशा मात्र नीट धरा : डिसेंबरात सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. पूर्वेचा डोंगर मोजलात आणि सूर्य शेजारच्या खिंडीतून आला, तर सगळं गणित चुकतं.

आता गाडी निवडा. घाट चढणाऱ्या गाडीचं तोंड साधारण दक्षिण-आग्नेयेला असतं, म्हणून हिवाळ्यात ऊन थेट इंजिनाच्या चेहऱ्यावर येतं. उतरणाऱ्या गाडीचा चेहरा सावलीत राहतो. पुण्याहून सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन उतरणारी आहे, त्यामुळे तिचा समोरून काढलेला फोटो काळवंडतो. तिला उंचावरून, पूर्वेची बाजू दिसेल अशी घ्या. हिरवा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, दरीत वळताना फार देखणा दिसतो. वेळापत्रक वाचताना एक लक्षात असू द्या : मुंबईहून निघालेली गाडी घाट चढत असली तरी रेल्वेच्या भाषेत ती ‘डाऊन’, आणि खाली उतरणारी ‘अप’. नवख्यांची सकाळ बऱ्याचदा इथेच वाया जाते.

वळणे इतकी आहेत की वर सांगितलेल्या गाडीच्या दिशेला ठिकठिकाणी अपवाद सापडेल. नकाशावर त्या तुकड्याची दिशा बघूनच जागा ठरवा. ऋतू विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर : गवत अजून ओलसर हिरवं-पिवळं आणि हवा धुतलेली. जानेवारीत कोकणाच्या बाजूने धुरकट थर साचतो आणि मागचे डोंगर पुसट होतात.

प्रश्न : घाटात गाडी हळू असते म्हणून शटर १/१२५ सेकंद ठेवलं. २०० एमएम लेन्स, ट्रायपॉडवर. तरी डबे अस्पष्ट आले. ट्रायपॉड हलला असेल का? (वाचक, कल्याण)

ट्रायपॉड निर्दोष आहे. गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली तरी सेकंदाला ८.३ मीटर सरकते. १/१२५ सेकंदात ६.७ सेंटीमीटर. तुम्ही ३०० मीटरवर उभे असाल तर फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० एमएममध्ये ५४ मीटर रुंदी मावते. रुंदीत ६००० पिक्सेल धरले तर एका पिक्सेलला ०.९ सेंटीमीटर, म्हणजे डबा सात पिक्सेल घसरला. तो अस्पष्टच दिसणार. १/५०० ला घसरण दोन पिक्सेलवर येते.

पण ऊन येण्याआधी १/५०० परवडत नाही. तेव्हा कोन बदला. गाडी आडवी जाण्याऐवजी तुमच्याकडे ३० अंशांनी तिरकी येत असेल तर फ्रेममधली सरक निम्मी होते आणि १/२५० पुरतं. सावलीतल्या दरीत एफ ४ (लेन्सचं छिद्र), १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करा. रुळांवर ऊन आलं की एफ ५.६, १/५००, आयएसओ २००. दोन्ही मॅन्युअलवर. ऑटोवर इंजिनाचा हेडलाइट कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवतो आणि गाडी काळी पडते. पावसाळ्यात पांढरं धुकं हेच करतं.

पूर्ण गाडी हवी असेल तर लांब लेन्सचा हट्ट सोडा. १६ एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे आणि इंजिन मिळून सुमारे ४०० मीटर होतात. एक किलोमीटरवरून ७० एमएममध्ये ५१४ मीटर मावतात, तेवढं पुरे. चढणारी गाडी असेल तर शेपटाकडे जागा राखा : १ : ३७ चा चढ असल्याने बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत येतात. वळणावर पुढचं इंजिन आणि मागचे बँकर एकाच चौकटीत आले की घाट म्हणजे काय ते फोटोच सांगतो. बँकर छाटलेला फोटो अर्धाच वाटतो.

प्रश्न : लोणावळ्यात मुक्काम होता. पावसाळ्यात पहाटे खोलीतून बाहेर पडल्यावर लेन्स आतून धुरकट झाली. बुरशी असेल का? (वाचक, ठाणे)

बहुधा बुरशी नाही. एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी जमलं. पुसू नका, लेन्सही काढू नका. ओलावा सेन्सरपर्यंत जाईल. रात्री कॅमेरा बंद पिशवीत एसी नसलेल्या जागी ठेवा, किंवा निघण्याआधी अर्धा-पाऊण तास पिशवीसकट बाहेर ठेवून मग उघडा. आठवड्यानंतरही कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दुरुस्तीवाल्याकडे न्या.

प्रश्न : घाटातल्या मंकी हिलकडे रुळांवरून चालत गेल्यास चांगल्या जागा आहेत असं ऐकलं. पहाटे गाड्या कमी असतात, तेव्हा जावं का? (वाचक, कर्जत)

जाऊ नका. घाटात तीन मार्ग आहेत. एका गाडीच्या घरघरीत दुसरी ऐकू येत नाही. शिवाय लोणावळ्याला सुटलेले बँकर मोकळेच कर्जतकडे परततात, ते कुठल्याच प्रवासी वेळापत्रकात नसतात. ‘आत्ता गाडी नाही’ हा हिशेब म्हणूनच खोटा ठरतो. बोगद्यात बाजूला व्हायला जागा जेमतेम असते, आणि डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. तिच्याजवळ उचललेला ट्रायपॉड पुरेसा धोकादायक आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली हा गुन्हाही आहे.

चांगल्या जागा रुळांपासून लांबच आहेत. खंडाळ्याचा राजमाची पॉइंट किंवा नागफणी इथून ७०-३०० एमएम लेन्स घेऊन बसा. नागफणीची वाट अंधारात पहिल्यांदा चढू नका. आदल्या दुपारी एकदा जाऊन या, मुठीने डोंगरही त्याच वेळी मोजून होईल.