डायल-अप मोडेम घेण्याआधी पलीकडं फोन कोण उचलणार ते ठरवा

अंबाजोगाईहून एकांनी विचारलंय: "वडिलांचा २००१ सालचा पेंटियम-३ माळ्यावरून काढला, विंडोज ९८ चक्क सुरू झालं. त्याला जुन्या पद्धतीनं, त्या कर्कश आवाजासकट, डायल-अप जोडून पोरांना दाखवायचंय. ऑनलाइन तीनशेपासून तीन हजारांपर्यंत मोडेम दिसतात. स्वस्तातला कोणता घेऊ?"

आधी उत्तर, मग पाल्हाळ. सीरियल पोर्टला लागणारा, टेबलावर ठेवायचा, वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला जुना एक्स्टर्नल मोडेम घ्या. डी-लिंक, डॅक्स, यूएस रोबोटिक्स, नाव कोणतंही चालेल. ३३.६ चा (सेकंदाला ३३.६ किलोबिट वेगाचा) मिळाला तर ३३.६ चा घ्या. डब्यावर ५६के छापलंय म्हणून पाचशे रुपये जास्त मोजू नका.

पण एक अडचण तुमच्या प्रश्नात आलेलीच नाही. फोन लावणार कुणाला? मोडेम संगणकाचे आकडे आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पलीकडच्या मोडेमशी बोलतो. तिकडं कुणी उचललंच नाही तर पोरांना नुसती रिंग ऐकवाल. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आमच्या परभणीपर्यंत ते झिरपायला बराच वेळ लागला. तोवर रात्री उशिरा, दर उतरले की औरंगाबादला एसटीडी लावायचो. मग संचारनेट हे बीएसएनएलचं डायल-अप आलं, २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि डायल-अपचं दुकान उठलं. आता तर अमेरिकेत एओएलनंही ३० सप्टेंबर २०२५ ला आपलं डायल-अप बंद केलंय. आपल्याकडं डायल-अप चालू असलेलं घर मी तरी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही.

त्यात तुमची लँडलाइन अजून तांब्याच्या तारेवर असेल असं वाटत नाही. फायबरच्या डब्यामागं फोनची खाच असते, तिथं मोडेम लावता येतो. पण तो आवाज पुढं तुकडे होऊन इंटरनेटच्या पाकिटांतून जातो. आपण बोलताना एखादं पाकीट गळलं तर कळतही नाही. मोडेम मात्र तिथंच अडखळतो. कधी लागतो, कधी नाही.

मग करायचं काय? घरातच एक्स्चेंज उभं करायचं. जुन्या दवाखान्यांतून, लॉजमधून, शाळांच्या ऑफिसातून छोटे ईपीएबीएक्स आता भंगारात निघतात. इंटरकॉमचा तो भिंतीवरचा डबा, त्यातून आठ-दहा खोल्यांत फोन जायचे. तोच हवा. त्याला डायलटोन असतो, रिंग असते, लाइनवर व्होल्टेज असतं, म्हणजे मोडेमला लागणारं सगळं आलं. एका एक्स्टेंशनला तुमचा पेंटियम, दुसऱ्याला पलीकडचा मोडेम, आणि इकडून तिकडच्या एक्स्टेंशनचा नंबर, समजा २२, लावला की तिकडं रिंग. मी हे केलंय, उत्तम चालतं. पलीकडच्या बाजूला रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक) किंवा लिनक्स टाकलेला कोणताही जुना लॅपटॉप, त्यावर फोन उचलायला एमगेटी आणि पुढं नेटशी जोडायला पीपीपीडी. या दोन प्रोग्रॅमची मांडणी करण्यात एक रविवार जातो.

म्हणजे मोडेम एक नव्हे, दोन लागतील. बजेट त्या हिशोबानं धरा. लिनक्सच्या बाजूला मात्र यूएसबीचा छोटा मोडेम चालतो. फक्त तो आत स्वतःचा कंट्रोलर असलेला, म्हणजे आपलं काम संगणकावर न ढकलणारा हवा, लिनक्स त्याला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय सरळ ओळखतं. तुमच्या विंडोज ९८ ला तो घेऊ नका. आज विकल्या जाणाऱ्या यूएसबी मोडेमसोबत ९८ चा ड्रायव्हर सहसा येतच नाही.

आता ५६के ची गोष्ट. १९९७ मध्ये ५६के च्या दोन पद्धती बाजारात भांडत होत्या, के-५६फ्लेक्स आणि एक्स-२. १९९८ मध्ये व्ही.९० हे सामाईक मानक आलं आणि भांडण मिटलं. पण यातली कोणतीही पद्धत घ्या, ५६के चालतं ते पलीकडची कंपनी एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेली असते म्हणून. तुमच्याकडं येताना आकड्यांचा आवाज एकदाच होतो, तुमच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये. दोन्ही टोकांना घरगुती मोडेम असले की आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज असे जास्तीचे फेरे पडतात, आणि गाडी ३३.६ च्या पुढं जात नाही. ५६के वाल्याच्या घरूनसुद्धा व्ही.९० मध्ये वर जाणारा वेग ३३.६ च होता. तुम्ही ईपीएबीएक्सवर दोन ५६के लावले तरी स्क्रीनवर ३३,६०० किंवा ३१,२०० च दिसणार. आणि तेव्हा तरी आम्हाला कुठं ५६ मिळत होते? गंगाखेड रोडला लिंबाच्या फांदीला बांधलेल्या ड्रॉप वायरवर (खांबावरून घरात येणाऱ्या तारेवर) २८,८०० लागले की गिऱ्हाईक पेढे द्यायचं बाकी ठेवायचं. त्या वेगाला एक एमबी उतरायला साधारण पाच मिनिटं.

मी २००० पासून सहा-सात वर्षं परभणीत संगणक जोडून द्यायचो. मोडेम विचारायला येणाऱ्यांतले दहातले आठ जण इंटर्नल कार्ड न्यायचे, कारण किंमत निम्म्याहून कमी. त्यातली बरीचशी सॉफ्ट मोडेम असायची, आम्ही विनमोडेम म्हणायचो. त्यांत खरं काम मोडेम करतच नाही, तुमचा प्रोसेसर करतो. कार्डावर जॅक, एक-दोन चिप आणि थोडा फापटपसारा. ड्रायव्हर नसेल तर ते कार्ड म्हणजे खाच बुजवायचं झाकण. पेंटियम-३ ला तो भार जड नाही, त्यामुळं दोन-तीनशेला पीसीआय कार्ड मिळत असेल, चिपवरचा नंबर स्वच्छ वाचता येत असेल आणि त्या नंबरचा ९८ चा ड्रायव्हर आधीच तुमच्या हातात आलेला असेल, तर बेलाशक घ्या. ड्रायव्हर नंतर शोधू म्हणून घेऊ नका. बोर्डावर एखादी आखूड तपकिरी खाच दिसली तर ती एएमआर किंवा सीएनआर, म्हणजे मोडेम-साउंडच्या छोट्या कार्डांची खाच असेल. तिच्यात बसणारी कार्डंही विकायला दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

एक्स्टर्नलमध्ये ही भानगड नाही. त्याला ए आणि टी ही दोन अक्षरं पाठवली की तो ओके म्हणतो, मग तुमच्याकडं विंडोज असो, डॉस असो की लिनक्स. समोर दिवे असतात. मोडेमनं लाइन उचलली की ओएचचा दिवा लागतो, पलीकडचा सूर जुळला की सीडीचा, आणि मग पलीकडून माहिती येऊ लागली की आरडीचा दिवा लुकलुकायला लागतो. पोरांना दाखवायचंय म्हणता, तर हे दिवेच दाखवण्यासारखे आहेत. कार्डात त्यातलं काहीच दिसत नाही.

खरी मेख अ‍ॅडॉप्टरची. जुने मोडेम विकणारे मोडेम पाठवतात, अ‍ॅडॉप्टर 'कुठंतरी असेल' म्हणतात. यातल्या बऱ्याच मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो. डीसी नव्हे, एसी. आज दुकानात ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मागितला तर डीसीचाच हातात पडतो. मोडेम उलटा करा, बुडाशी छापलेलं वाचा: आकडा, आणि त्यापुढं नागमोडी रेघ आहे की सरळ. नागमोडी असेल तर एसी. नगाला एसी लागत असेल आणि अ‍ॅडॉप्टर सोबत नसेल तर सोडून द्या, किंवा ट्रान्सफॉर्मर बांधून देणारा माणूस ओळखीचा असेल तरच घ्या. केबलही मागून घ्या. मोडेमकडं २५ पिनांचं तोंड, संगणकाकडं ९ पिनांचं, आणि केबल सरळ हवी. दोन संगणक एकमेकांना जोडायची नल मोडेम केबल इथं चालत नाही, दिसायला मात्र हुबेहूब तशीच.

नग हातात आल्यावर तपासायचं असं. कंट्रोल पॅनलमधल्या मोडेम्समध्ये डायग्नॉस्टिक्सच्या पानावर जा, पोर्ट निवडा आणि मोअर इन्फो दाबा. मोडेम स्वतःची माहिती ओळीओळीनं सांगेल. पण तेवढ्यावर पैसे देऊ नका. मे अखेरीस वळीव सुरू झाला की आमच्या दुकानात काय चित्र असायचं सांगतो. रात्री विजा कडाडल्या की सकाळी शटर उघडायच्या आत तीन-चार जण प्लास्टिकच्या पिशवीत मोडेम घेऊन पायरीवर. खांबावरून घरापर्यंत तार उघड्या माळावरून आलेली, आणि मोडेमचं बटन बंद केलं तरी फोनची वायर मात्र कुणी काढायचं नाही. उघडून पाहिलं की जॅकच्या मागं बोर्डावर चिंचोक्याएवढा तपकिरी डाग. गंमत म्हणजे असा मोडेम पिनांच्या बाजूनं ठणठणीत असतो. एटीला ओके म्हणतो, नाव-गाव सांगतो, फक्त फोनच्या बाजूनं मेलेला. अशीच प्रेतं आज 'वर्किंग कंडिशन' म्हणून विकायला आहेत. म्हणून लाइन लावून डायल करून पाहा आणि स्पीकरमध्ये डायलटोन ऐकू येतो का ते कान देऊन ऐका. विकणारा लांबचा असेल तर त्याचाच व्हिडिओ मागवा.

डायलटोन ऐकू येतोय आणि तरी संगणक 'नो डायलटोन' म्हणतोय, असं झालं तर मोडेम परत पाठवू नका. या एका वाक्यापायी मी एका गिऱ्हाइकाकडं एसटीनं तीन खेपा घातल्यात. पहिल्यांदा कार्ड बदललं, दुसऱ्यांदा रोझेटमधल्या, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतल्या तारा नव्यानं आवळल्या. लाइनमन माझ्याकडं बघून हसत होता: "सायेब, लाइन तर क्लियर हाय, तुमचं मशीनच बहिरं हाय." त्याचंच खरं निघालं. अमेरिकेचा डायलटोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर मिळून. आपला ४०० चा, त्यात २५ ची थरथर, म्हणून तो घरघरल्यासारखा वाटतो. तिकडच्या हिशोबानं बनवलेल्या मोडेमला तो डायलटोन वाटतच नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कनेक्शन, मग अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं एक्स्ट्रा सेटिंग्ज अशी रिकामी चौकट आहे. तिच्यात इंग्रजीतला एक्स आणि पुढं ३ टाका. मग तो सूर तपासत बसत नाही, सरळ नंबर फिरवतो. ईपीएबीएक्सच्या डायलटोनलाही हेच औषध.

जोडलं गेल्यावर लगेच हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगतो. ९८ मधला ब्राउझर आजच्या बहुतेक साइट उघडू शकत नाही, हल्लीचं एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत, त्याला कळत नाही. फ्रॉगफाइंड नावाचं एक शोधयंत्र अशाच जुन्या संगणकांसाठी केलेलं आहे, पानं साधी करून देतं. पोरांना ते दाखवा.

आवाज नको, नुसता संगणक नेटला लावायचाय, असं असेल तर हा सगळा खटाटोप नको. रिअलटेक ८१३९ चिपचं जुनं लॅन कार्ड घ्या, ९८ ला त्याचा ड्रायव्हर सहज मिळतो. आणखी एक मधला मार्ग आहे: ईएसपी८२६६ ची वायफाय चिप सीरियल पोर्टला जोडून तिच्यात मोडेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम भरतात. ती एटी समजते, डायल केल्याचं नाटक करते, आणि खऱ्या मोडेमहून स्वस्त पडते. पण चीं-खर्रर्र काही नाही. तुम्ही ज्यासाठी हे मांडताय तेच त्यात नाही.

माझ्या माळ्यावर एक काळा ३३.६ चा अजून पडून आहे, दिवे सगळे लागतात. अ‍ॅडॉप्टर तेवढा सापडत नाहीये.