त्याचं ताट टेबलावर आण

तुझं पत्र दोनदा वाचलं. धाकटा भाऊ अठ्ठावीसचा, कंपनी बंद पडली, जॉब गेला, तेव्हापासून पितोय आणि आता तर सकाळीच सुरू होतं. तुम्ही घरच्यांनी त्याला मुद्दाम एक सिनेमा दाखवला, त्यातला दारुडा मुलगा शेवटी मरतो, हे बघून तरी डोळे उघडतील म्हणून, तर तो अर्ध्यातूनच उठून गेला. आता तू विचारतेस की दुसऱ्या एका सिनेमातल्या आईसारखं दहा दिवस खोलीत कोंडून ठेवलं तर सुटेल का.

नाही. अजिबात कोंडायचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या एक-दोन दिवसांत भास, ताप, भ्रम, आणि यात माणूस जातोसुद्धा. सिनेमात काय, मुलगा रात्रभर दारावर डोकं आपटतो, आई बाहेर बसून रडते, गाणं संपतं आणि सकाळी तो आंघोळ करून हसत बाहेर येतो. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं चालू ठेवून. हा विषय इथेच संपला.

मी अडकले ते दुसरीकडेच. पत्राच्या मधोमध तू कंसात एक ओळ लिहिलीयस, "त्याचं ताट आम्ही वर्षभर खोलीबाहेर स्टुलावर ठेवतो, म्हणजे जेवताना वाद नको." आणि लगेच पुढे आईचं बीपी, लोक काय म्हणतात, तुझी झोप. अगं, वर्षभर! कोंडायचं का म्हणून मला काय विचारतेस, कोंडलेलंच आहे तुम्ही त्याला, फक्त कडी लावायची राहिलीय. मला तुझा राग आलाय आणि तो लपवत नाही. तुम्ही थकलात हे कळतं मला, पण आज मी तुझी समजूत काढणार नाहीये.

आपल्याला सिनेमानं व्यसनाचं कारण फार मोठं असतं असं शिकवलंय. देवदास हिंदीत तीसच्या दशकात आला, १९५५ला आला, २००२ला आला, आणि दर वेळी पारो मिळाली नाही म्हणून तो पीत पीत तिच्या दारात जाऊन मेला. मग आपण पण घरात तसलंच काहीतरी शोधत बसतो, कुणी पोरगी होती का, वाईट संगत होती का. तुझ्या भावाचं काय गेलं ते बघ ना. सकाळी उठायचं कारण गेलं, "आज उशीर का" विचारणारी चार माणसं गेली, पगार झाला की आईच्या हातात पैसे ठेवायचे तेही गेलं. उरली होती एक जेवणाच्या टेबलावरची खुर्ची, ती तुम्ही काढून घेतलीत. स्टुलावरचं ताट कुठल्याच सिनेमात दाखवत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

व्हिएतनाममध्ये १९७१च्या सुमारास अमेरिकन सैनिकांतला जवळजवळ प्रत्येक पाचवा जण हेरॉईनच्या आहारी गेला होता. परत गेल्यावर ली रॉबिन्स या बाईंनी त्यांचा अभ्यास केला, तर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी जेमतेम पाच टक्के पुन्हा अडकले होते. जागा बदलली, आजूबाजूची माणसं बदलली, घर परत मिळालं. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, दारूचं तर नसतंच, पण आजूबाजूला काय आहे यानं किती फरक पडतो ते बघ.

आणि मे १९३५. बिल विल्सन, दारू सोडून काही महिने झालेला, अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात धंद्याचं काम फिस्कटलेलं, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि चर्चवाल्यांना विचारत सुटला की मला बोलायला एखादा दारुडा माणूस मिळवून द्या. मिळाला तो एक सर्जन, डॉक्टर बॉब स्मिथ, पंधराच मिनिटं बसेन म्हणून आलेला, तो कित्येक तास बसला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायची संघटना, उभी राहिली ती त्या भेटीतून. समोर कुणीतरी बसलं, एवढंच झालं होतं तिथे.

तेव्हा आज रात्री त्याचं ताट टेबलावर वाढ. त्याने कधी हात उगारल्याचं तू लिहिलं नाहीस, म्हणून हे सांगतेय. जेवायच्या अर्धा तास आधी दार वाजव, "चल, वाढलंय" इतकंच म्हण. प्यालेला असला तरी बसू दे. दारू, नोकरी, तो सिनेमा, यातला एकही शब्द काढायचा नाही, आईलाही आधीच सांगून ठेव. डॉक्टरांचं आज नको, चार-पाच दिवस जेवू दे, मग त्याच टेबलावर विचार, आणि "तू जा" नको म्हणूस, "मी येते बरोबर" म्हण.

पहिल्या दिवशी येणार नाही बहुतेक. तरी ताट टेबलावरच राहू दे, तू त्याच्या खुर्चीशेजारी बसून जेव, दुसऱ्या दिवशी परत दार वाजव. आणि ते स्टूल आजच माळ्यावर टाक.